कॅल्साइट ओळखताना आम्ल शेवटी

पांढरा, पारदर्शक खडा हाती लागला की बहुतेक जण आधी व्हिनेगरची बाटली काढतात. मीही तेच केलं होतं. माझा पहिला चांगला कॅल्साइट (कॅल्शियम कार्बोनेटचं खनिज) मी अख्खा व्हिनेगरात, म्हणजे सौम्य आम्लात, बुडवला. खडा ओळखू आला, पण त्याची काचेसारखी चकाकी कायमची गेली. ती हळहळ अजून जात नाही, म्हणून हा क्रम सांगते.

आधी ठिपका. कागदावर पेन्सिलीनं एक ठिपका काढा आणि खड्याची सपाट बाजू त्यावर टेकवा. दोन ठिपके दिसले तर खडा तसाच हळूहळू फिरवा. एक ठिपका जागचा हलत नाही, दुसरा त्याच्याभोवती फिरतो. आत शिरलेला प्रकाश दुभंगतो, त्याचा हा परिणाम. एका किरणाचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो त्याचं माप) १.६५८, दुसऱ्याचा १.४८६ पर्यंत उतरू शकतो. १ सेंटिमीटर जाडीला ठिपक्यांत जेमतेम १ मिलिमीटर अंतर पडतं, त्यामुळे पातळ कपचीवर निकाल देऊ नका. आता पोलरॉइड चष्म्याची काच डोळ्यासमोर धरून फिरवा. ठिपके आळीपाळीनं मावळतात. हे मी शेकडो वेळा पाहिलंय, तरी दर वेळी पुन्हा फिरवून बघते. आइसलँडच्या अशाच स्फटिकातून डेन्मार्कच्या रास्मुस बार्थोलिननं १६६९ मध्ये ही दुहेरी प्रतिमा नोंदवली. १८२८ मध्ये विल्यम निकोलनं कॅल्साइटचे दोन तुकडे जोडून प्रकाशाचं ध्रुवीकरण करणारा, म्हणजे एकाच दिशेनं कंप पावणारा प्रकाश पुढे सोडणारा, लोलक बनवला.

खडा धुरकट असेल तर तुटलेल्या कडा बघा. कॅल्साइट तीन दिशांनी सपाट फुटतो आणि तुकडे कलंडलेल्या खोक्यासारखे निघतात. कोन साधारण ७५ आणि १०५ अंशांचे. गारगोटी अशी फुटत नाही, तिचा तुटका भाग वाकडातिकडा, शिंपल्यासारखा गोलसर असतो. मग ओरखडा: १ ते १० च्या मोजपट्टीवर कॅल्साइटची कठिनता ३, म्हणजे नखानं चरा उठत नाही, चाकूनं सहज उठतो. गारगोटी ७, ती उलट काचेवरच चरा पाडते.

चाकूनं निघालेली पूड फेकू नका. व्हिनेगरचा थेंब तिच्यावरच टाका, खड्यावर नको. कॅल्शियम कार्बोनेटमधला कार्बन डायऑक्साइड सुटून बुडबुडे येतात. फसवणारा भाऊबंद म्हणजे अ‍ॅरागोनाइट: घटक तेच, बुडबुडेही तसेच, पण तो अशा खोक्यांत फुटत नाही आणि थोडा जड असतो (घनता २.९३, कॅल्साइटची २.७१).

शिंपले-प्रवाळांचा गाळ साचून झालेली चुनखडी, तीच उष्णतेनं आणि दाबानं बदलून झालेला संगमरवर, गुहेतले लवणस्तंभ, या सगळ्यांत मुख्यतः कॅल्साइटच असतो. चुना आणि सिमेंट त्यातूनच होतात. शुद्ध कॅल्साइट १०० ग्रॅम भाजला तर ५६ ग्रॅम चुना उरतो.

खड्यावर चुकून थेंब पडलाच तर लगेच साध्या पाण्यानं धुवा आणि मऊ कापडानं टिपून घ्या. घासू नका, धुळीतले गारगोटीचे कणही त्याला ओरबाडतात.