माळ तुटते, बाहुली मान टाकते: या चुका टाळा

माळ तुटली की सगळा राग दोऱ्यावर निघतो. "दोराच हलका होता, पुढच्या वेळी जाड आणू" असं म्हणत मणी वेचले जातात आणि दोरा केरात जातो. पण नेमकं काय चुकलं हे कळायचं असेल तर तो तुटका दोराच आधी बघायला हवा. टोक उजेडात धरा. ते पिंजलेलं, केसाळ झालं असेल तर मण्याच्या भोकाने दोरा हळूहळू घासून काढलाय. एकदम स्वच्छ कापलं गेलं असेल तर कुठल्या तरी मण्याची धारदार कड किंवा वेडंवाकडं दाबलेलं गिअर लॉक (वायरची टोकं पकडून ठेवणारी, दाबून बसवायची धातूची बारीक नळी) कारणीभूत आहे. आणि दोरा अख्खाच्या अख्खा निघून आला असेल, टोकाला गाठीचा पीळ तेवढा राहिला असेल, तर दोऱ्याने काहीच केलेलं नाही, गाठ सुटली आहे. तीन वेगळी कारणं आहेत आणि जाड दोरा हा यातल्या एकाचाही खरा उपाय नाही. उलट लहान भोकात जाड दोरा कोंबला की घासणं वाढतं.

हौशी कामात पैसा आणि लक्ष जातं ते दिसणाऱ्या गोष्टींवर: मणी, खडे, टिकल्या, बाहुलीचा झगा. बिघाड मात्र बहुतेक वेळा न दिसणाऱ्या जागी होतो. म्हणून इथे दोरा, गाठ, शिलाई आणि आतला कापूस यांच्याबद्दलच जास्त बोलू.

दोरा कापला जातो तेव्हा

नळीसारखे लांब मणी आणि पैलू पाडलेले क्रिस्टल हे नेहमीचे गुन्हेगार. नळी मण्यांची टोकं बऱ्याचदा कापलेल्या काचेसारखी राहतात, कारण ती खरोखरच कापलेली काच असते. प्रत्येक नळीच्या दोन्ही बाजूंना एकेक बारीक गोल मणी ओवा, म्हणजे दोऱ्याचं वळण गुळगुळीत कडेवर पडतं. टोक फुटलेली नळी सरळ बाजूला काढा, ती वापरायचा मोह नको. क्रिस्टलसाठी साधा नायलॉन दोरा टाळून मासेमारीच्या दोरीसारखा विणीचा दोरा किंवा गिअर वायर घ्या.

गिअर वायर म्हणजे नायलॉनचं आवरण असलेल्या बारीक स्टीलच्या तारांचा पीळ. आत ७, १९ किंवा ४९ तारा असतात. तारा जितक्या जास्त तितकी वायर मऊ आणि वळणाला सोशिक. ७ तारांची वायर स्वस्त पडते, पण तिला एकदा घडी पडली की ती जात नाही आणि पुढे तिथेच तुटते. घडी सरळ करत बसू नका, तेवढा तुकडा कापून टाका.

गिअर लॉक नीट दाबणं

इथे जरा थांबू, कारण "वायर निसटली" ही तक्रार जवळजवळ नेहमी इथूनच सुरू होते. साध्या पक्कडीने लॉक चपटं केलं तरी काम भागतं, पण चपट्या लॉकच्या कडा बाहेर येतात, वायरला कापतात आणि मानेलाही टोचतात. लॉक दाबण्यासाठीच बनवलेल्या क्रिंपिंग पक्कडीला दोन खाचा असतात. मुठीकडच्या खाचेत आतून एक उंचवटा असतो. लॉक तिच्यात धरून दाबलं की त्याला मधोमध खळगा पडतो आणि दोन बाजूंना दोन कप्पे तयार होतात. वायरचा एक पदर एका कप्प्यात, दुसरा दुसऱ्यात, असं झालं पाहिजे. मग लॉक पाव फेरी फिरवून टोकाकडच्या गोल खाचेत दाबायचं, की दोन्ही कप्पे एकमेकांवर मिटतात. पहिल्या दाबाच्या वेळी आत पदर एकमेकांवर चढलेले असतील तर लॉक बाहेरून अगदी देखणं दिसतं आणि थोड्याच दिवसांत हातात माळेचं एकच टोक येतं. म्हणून दाबण्याआधी दोन्ही पदर बोटांनी फाकवून बघायचे. लॉकचं मापही वायरच्या जाडीला बेताचं हवं. मोठ्या लॉकमध्ये बारीक वायर धरली जात नाही, मग कितीही जोर लावा.

दुसरी चूक म्हणजे माळ करकचून ओढणं. मणी एकमेकांना चिकटून बसले की काम सफाईदार वाटतं, पण अशी माळ गळ्यात गोल पडत नाही, कोनाकोनांत उभी राहते आणि वायरवर सतत ताण राहतो. शेवटचं लॉक दाबण्याआधी माळ टेबलावर गळ्याच्या आकारात वळवून ठेवा आणि मगच १-२ मिमी मोकळी जागा सोडून दाबा.

इलॅस्टिकचं ब्रेसलेट सैल पडतं

इलॅस्टिक ओवण्याआधी ताणून घेतलं नाही तर ते पहिल्या काही दिवसांत हातावरच ताणलं जातं आणि मण्यांमध्ये फटी दिसू लागतात. तुकडा कापला की दोन्ही हातांत धरून हळूहळू चार-पाच वेळा ताणा, मग ओवा. गाठ मारताना पहिल्या वळशात टोक एकदा नव्हे, दोनदा फिरवा. एकेरी वळशाची साधी गाठ इलॅस्टिकवर घसरते.

गाठीवर झटपट चिकटणारा सुपरग्लू लावायची सवय मात्र सोडलेली बरी. तो वाळून कडक होतो, इलॅस्टिक त्या कडक कडेपाशीच तुटतं आणि शेजारच्या मण्यांवर पांढुरकी धूसर झाक येते. दागिन्यांसाठी लवचीक राहणारा गोंद मिळतो, त्याचा एक थेंब पुरतो. वाळला की गाठ मोठ्या भोकाच्या मण्यात ओढून लपवा. त्यासाठी असा एक मणी आधीच निवडून ठेवायला हवा.

आता मापाबद्दल. "मनगट मोजूनच केलं, तरी घट्ट होतंय" असं पुष्कळ जण म्हणतात. जाडजूड मणी आतल्या बाजूने जागा खातात. दोरा मण्यांच्या मधोमध जातो, मनगटाला मात्र मण्यांची आतली बाजू लागते. त्यामुळे मण्याच्या व्यासाच्या साधारण ३.१४ पट लांबी आतून कमी होते. ४ मिमीच्या मण्यांना हा फरक सव्वा सेंटीमीटरच्या आसपास, १० मिमीच्या मण्यांना तीन सेंटीमीटरहून अधिक. म्हणजे १६ सेंमीच्या मनगटाला १० मिमी मण्यांचं ब्रेसलेट साधारण १९ सेंमी ओवावं लागतं.

विणलेली पट्टी वाकडी होते

बारीक मण्यांच्या क्रमांकात नवखे नेहमी अडकतात: क्रमांक जितका मोठा तितका मणी लहान. ११/० सुमारे २ मिमी, ८/० सुमारे ३ मिमी. सुयांचंही तसंच, १२ नंबरची सुई १० नंबरपेक्षा बारीक. दोन कंपन्यांचे ११/० मणी मात्र एकसारखे असतीलच असं नाही. ते एका पट्टीत मिसळले की कड लाटेसारखी उठते आणि दोष हाताला दिला जातो. एकाच पुडीतही काही मणी पोळीसारखे चपटे, काही फुगीर निघतात. विणायला बसण्याआधी ते वेचून ठेवा, वाढवण्या-घटवण्याच्या ओळीत तेच नेमके उपयोगी पडतात. पट्टी कडांनी आत वळत असेल तर मात्र मण्यांचा दोष नाही, दोरा जास्त ओढला जातोय.

शेवटच्या फेरीत सुई मण्यात अडकली की पक्कडीने ओढायचं नाही. मणी तडकतो आणि तडकलेल्या काचेची धार दोरा कापते. बारीक सुई घ्या, नाहीतर दुसऱ्या मण्यातून वाट काढा. दोरा संपवताना एक गाठ मारून तिथेच कात्री लावणं हा आळस आहे. १५ सेंमीचं शेपूट ठेवा, ते मण्यांमधून उलटं फिरवत मध्ये दोन-तीन अर्ध्या गाठी घाला आणि शेवटच्या गाठीच्या पुढे काही मणी गेल्यावर कापा.

दोन छोट्या गोष्टी. जोडकडी (दोन भाग जोडणारी छोटी, चिरलेली कडी) उघडताना टोकं दोन बाजूंना फाकवू नका, एक पुढे एक मागे अशी फिरवा. फाकवलेली कडी पुन्हा नीट गोल होत नाही. आणि कानातल्याने खाज येत असेल तर संशय आधी निकेलवर घ्या. मुलामा झिजला की खालचा धातू कातडीला लागतो. अशा कानांना टायटॅनियमचे किंवा नायोबियमचे हुक चालतात.

बाहुली मान का टाकते

डोकं जड, मान बारीक आणि कापूस भरायचं भोक पाठीला किंवा बुडाला. भरणारा माणूस आधी उत्साहाने डोकं ठासून भरतो, मग धडाकडे वळतो आणि मधली मान अर्धवट राहते. मान भरताना पुंजका असा सरकवा की त्याचा अर्धा भाग डोक्यात आणि अर्धा छातीत जाईल. चिमटीत धरल्यावर मान कडक लागली पाहिजे. शोभेच्या बाहुलीत टोकं गुळगुळीत केलेली लाकडी काडी मानेतून घालता येते, मुलांच्या हातात जाणाऱ्या बाहुलीत नाही.

अंगावर गोळे दिसतात कारण मोठ्या पोकळीत छोटे छोटे पुंजके भरले जातात. धडासाठी मोठी मूठ घ्या, पिंजून मोकळी करा आणि आधीचा कापूस पूर्ण दाबला जाण्यापूर्वीच पुढची मूठ त्यात मिसळा. बोटं आणि पावलं यांच्यासाठी मात्र चिमूटभरच घ्या आणि टोकापासून सुरुवात करा.

एक पाय लांब आणि दुसरा गुबगुबीत निघाला तर भरणं तपासत बसू नका, कापणं तपासा. कापड उभ्या धाग्यात कमी ताणतं, आडव्यात जास्त आणि उरेबात, म्हणजे तिरक्या दिशेत, सगळ्यात जास्त. कापड वाचवायला दुसरा पाय आडवा बसवून कापला असेल तर तो रुंदीत फुगत नाही आणि लांबच होतो. जोडीचे सगळे भाग एकाच धाग्यात कापा. याहून सोपी पद्धत अशी: दुहेरी कापडावर आकार काढा, आधी रेषेवर टीप मारा, नंतर ६ मिमी जागा ठेवून कापा. टाक्याची लांबी १.५ ते २ मिमी ठेवली की ठासून भरतानाही शिवण उलगत नाही. वळणांवर शिवणीपासून १-२ मिमी अंतरापर्यंत कात्रीने छोटे काप द्यायला विसरलात तर उलटल्यावर तिथे सुरकुती येणारच.

चेहरा फसतो तो बहुधा डोळ्यांच्या जागेमुळे. डोळे डोक्याच्या उंचीच्या मध्यावर हवेत, पण हात त्यांना कपाळावर नेऊन ठेवतो. भरून झाल्यावर टाचण्या टोचून जागा ठरवा, दूर उभं राहून बघा, मगच मणी शिवा किंवा रेघ काढा. पेनची शाई त्याच कापडाच्या तुकड्यावर आधी करून बघायची. पसरली तर पसरली, तिला परत आणता येत नाही.

बाहुलीवरचे मणी गळतात

कापूस भरला की कापड ताणतं. सपाट कापडावर दाट मणीकाम करून मग बाहुली भरली तर दोरे तरी तुटतात किंवा कापड चुण्या धरतं. अंगावरचं दाट काम भरल्यानंतर करा, सपाटीवरचं काम झग्यासाठी ठेवा. शिवणीपासून १ सेंमी पट्टा मोकळा सोडायचा. मशीनची सुई मण्यावर आपटली तर ती मोडून तुकडा उडतो. दर तीन-चार मण्यांनी एक उलटा टाका आणि थोड्या थोड्या अंतरावर मागे गाठ, एवढं केलं की एक दोरा तुटला तरी अख्खी ओळ ओघळत नाही. जड लटकन लावायचं असेल तर कापडाच्या मागे अस्तराचा तुकडा लावा, नाहीतर तिथे झोळ पडतो. इस्त्री उलट्या बाजूने, खाली जाड टॉवेल घालून आणि मंद. प्लास्टिकच्या टिकल्या तेवढ्यानेही वितळू शकतात, म्हणून एक टिकली आधी करून बघा.

तीन वर्षांखालच्या मुलांच्या बाहुलीवर मणी, टिकल्या, बटणं काहीच नको, कितीही घट्ट शिवली तरी. खेळण्यांची सुरक्षितता तपासताना ३१.७ मिमी व्यासाची एक नळी वापरतात. तिच्यात मावणारी वस्तू गिळून घशात अडकू शकते असं मानलं जातं आणि आपल्या डब्यातले जवळजवळ सगळे मणी त्यात मावतात. अशा बाहुलीचे डोळे दोऱ्यानेच भरा. मोठ्यांसाठीच्या बाहुलीचा मणीदार झगा प्रेस बटणांचा आणि काढता येण्याजोगा शिवा: बाहुली धुता येते, झगा कोरडा राहतो आणि एखादा मणी सुटलाच तर मागची बाजू उलटून टाका घालायला हात पोहोचतो.