बाळाचा स्वेटर क्रोशाने विणताना या चुका टाळा

बाळाचा स्वेटर लहान, म्हणजे सोपा, असं धरून बहुतेक जण सुई हातात घेतात. लवकर विणून होतो हे खरं. पण मोठ्या माणसाच्या स्वेटरमध्ये दोन-अडीच सेंटिमीटर इकडेतिकडे झाले तरी खपून जातं; बाळाच्या स्वेटरमध्ये तेवढ्यात अख्खं एक माप बदलतं. तीन महिन्यांच्या आणि सहा महिन्यांच्या बाळाच्या छातीच्या घेरात फरक असतो तो एवढाच. म्हणून इथे अंदाजपंचे काम चालत नाही, आणि तरीही सगळ्यात जास्त अंदाजपंचे काम याच स्वेटरवर होतं.

पुढच्या सगळ्या हिशेबात खांब म्हणजे अमेरिकी पद्धतीचा डबल क्रोशे, डीके (मध्यम-बारीक) जाडीची लोकर, ४ मिमी सुई आणि १० सेंमीमध्ये १६ खांब व ९ ओळी असं गेज, म्हणजे ठरावीक मापात बसणारे टाके आणि ओळी, धरलं आहे. स्वेटर पुढून उघडा, गळ्यापासून खाली विणत आणलेला, रॅगलान योकचा, म्हणजे गळ्यापासून काखेपर्यंतच्या भागात पुढा, बाह्या आणि पाठ एकत्र विणून त्यांच्यामधल्या चार कोपऱ्यांत टाके वाढवत नेलेला. तुमचं गेज वेगळं असेल तर आकडे बदलतील, पद्धत तीच राहील.

सुई बदलून माप वाढवणं

ही चूक पहिली, कारण हा सल्ला सगळीकडे सर्रास दिला जातो: ‘सहा महिन्यांचा नमुना आहे ना, मग ५ मिमी सुईने विणा, दोन वर्षांच्या मुलाला होईल.’ होत नाही. का होत नाही ते आकड्यांतच दिसतं.

नमुन्यात गळ्याला ४८ टाके आहेत, छातीला ७६, आणि बाही काखेपासून मनगटापर्यंत १६.५ सेंमी. ४ मिमी सुईवर गळा ३० सेंमी येतो आणि छाती ४७.५ सेंमी. सहा महिन्यांच्या बाळाची छाती साधारण ४३ सेंमी असते, म्हणजे साडेचार सेंमी सैल. अगदी योग्य. आता हेच ५ मिमी सुईवर घ्या. १० सेंमीमध्ये १४ खांब येऊ लागले असं धरलं तर छाती ५४ सेंमीच्या वर जाते. दोन वर्षांच्या मुलाची छाती ५०.५ सेंमीच्या आसपास असते, त्यामुळे छातीला स्वेटर बसतो आणि विणणारी व्यक्ती खूश होते. पण गळाही ३४ सेंमीचा झालेला असतो आणि खांद्यावरून घसरायला लागतो. बाही वाढून फार तर १९ सेंमीपर्यंत पोचते, आणि हवी असते २१.५. म्हणजे मनगटाच्या वर अडीच सेंमी हात उघडा. शिवाय वीण इतकी विरळ पडते की खांबांच्या मधून बाळाची बोटं आरपार जातात आणि अडकतात. एका सुईने तीन दोष.

मूळ कारण असं की बाळ सगळीकडून सारखं वाढत नाही. मापं साधारण अशी चालतात. तीन महिने: छाती ४०.५, दंडाचा घेर १४, बाही १५ सेंमी. सहा महिने: ४३, १५, १६.५. बारा महिने: ४५.५, १६.५, १९. अठरा महिने: ४८, १७.५, २०.५. दोन वर्षं: ५०.५, १९, २१.५. म्हणजे तीन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत छाती २५ टक्क्यांनी वाढते, तर बाही ४३ टक्क्यांनी. गळा त्या मानाने फारच थोडा वाढतो. सुई मात्र सगळं एकाच प्रमाणात ताणते.

मग माप वाढवायचं कसं? रॅगलानची एक वाढीची ओळ जास्त घालून. कोपऱ्यातल्या साखळीच्या जागेत एक खांब, एक साखळी, एक खांब असं विणत असाल तर दर ओळीला ८ टाके वाढतात: पाठीला २, दोन्ही पुढच्या भागांना १-१, प्रत्येक बाहीला २. म्हणजे अंगाचा घेर ४ टाक्यांनी, अडीच सेंमीने वाढला; दंड २ टाक्यांनी, सव्वा सेंमीने वाढला. वरची मापं परत बघा. एका मापातून पुढच्या मापात जायला बरोबर एवढंच लागतं. सहावरून बारा महिन्यांवर जायचं तर एक ओळ, अठरावर जायचं तर दोन. गळ्याची साखळी तशीच राहू द्या, फार तर चार टाके वाढवा. मुंढा, म्हणजे खांद्यापासून काखेपर्यंतची खोली, दर ओळीला सव्वा सेंमीच्या आत खाली उतरतो. तो गरजेपेक्षा किंचित जास्त असतो, पण एकदोन मापांपर्यंत ते बरंच, कारण बाळाचा हात बाहीत घालणं सोपं जातं. चार मापं एकदम चढायची असतील तर मात्र मुंढा लोंबायला लागतो; तेव्हा तीनच ओळी वाढवा आणि उरलेली रुंदी काखेखालच्या साखळीतून घ्या, दोन्ही बाजूंना दोन-दोन टाके जास्त घालून.

अंगाची आणि बाहीची लांबी वेगळी वाढवायची. बारा महिन्यांसाठी बाहीला अडीच सेंमी जास्त, म्हणजे दोन ओळी आणि वर गेजप्रमाणे एखादी. हे आपोआप होत नाही, आणि विसरलं जातं ते हेच.

इथे एक खाच आहे. काही नमुन्यांत कोपऱ्यात दोन खांब, साखळी, दोन खांब असतात. त्यात दर ओळीला १६ टाके वाढतात. अशा योकला एक ओळ जास्त घातली तर अंग एकदम पाच सेंमीने फुगतं, म्हणजे दोन मापं, आणि मुंढा वाढतो फक्त एका ओळीचा. आधी कोपरा नीट वाचा, मग ओळ वाढवा.

स्वेटर आधीच मोठ्या सुईवर विणून झाला असेल तर सगळं उसवायची गरज नाही. गळ्याला ३.५ मिमी सुईने सिंगल क्रोशेची (खांबापेक्षा बुटक्या टाक्याची) एक ओळ घ्या आणि दर सहा टाक्यांतला पाचवा आणि सहावा एकत्र विणा. ४८ चे ४० होतात आणि गळा जागेवर येतो. बाही वरून खाली विणलेली असल्यामुळे मनगटापाशी उसवून हव्या तेवढ्या ओळी वाढवता येतात. विरळ विणीला मात्र इलाज नाही.

मोजणी न करता ओळ उलटवणं

दुसरी चूक दिसायला इतकी लहान की तिच्यावर कुणाचा विश्वास बसत नाही. स्वेटर तयार होतो, वरची दोन बटणं छान लागतात, तिसरं ओढून लावावं लागतं आणि पोटावरचं लागतच नाही. मग लोकर आटली असं म्हणतात, नाहीतर बाळ अंगाने भरलं असं म्हणतात. खालच्या ओळीचे टाके मोजले की खरं कारण कळतं. काखेखाली ७६ खांब होते, बारा ओळींनंतर ६४ उरलेत. दर ओळीला एक टाका गळला. बारा टाके म्हणजे साडेसात सेंमी, आणि नेमके पोटावर, जिथे बाळाला सगळ्यात जास्त जागा लागते.

टाका गळतो कुठे? ओळीच्या शेवटी. सुरुवातीच्या तीन साखळ्या म्हणजे पहिला खांब धरतो, म्हणून पुढचा खांब दुसऱ्या टाक्यात जातो. हे सगळ्यांना येतं. पण परत येताना शेवटचा खांब मागच्या ओळीच्या त्या तीन साखळ्यांच्या डोक्यावर, म्हणजे तिसऱ्या साखळीत, घालायचा असतो. ती साखळी कडेला मुरडून मागे वळलेली असते. वरून बघितलं तर टाके संपल्यासारखे वाटतात आणि काम उलटवलं जातं. उलटी चूकही होते: तीन साखळ्या खांब म्हणून धरायच्या आणि पायथ्याच्या टाक्यातही खांब घालायचा, म्हणजे दर ओळीला एक टाका वाढतो. दोन्ही चुका एकाच वेळी होत असतील तर मोजणी बरोबर येते, पण कड करवतीसारखी दातेरी होते आणि बटणपट्टी कधीच सरळ बसत नाही.

तीन साखळ्या घातल्याबरोबर तिसरीत मार्कर किंवा वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडा अडकवा. परत आलात की शेवटचा खांब तिथेच. आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी मोजा. प्रत्येक. योक विणताना तर भागवार मोजा: पुढा, बाही, पाठ, बाही, पुढा. ७६ टाके मोजायला मिनिटही लागत नाही. ‘पाच-सहा ओळी झाल्या की एकदम मोजू’ म्हणणारे त्या पाच-सहा ओळी उसवतात. आणि टाका कमी आढळला तर पुढच्या ओळीत गुपचूप एक वाढवून भरपाई करू नका; तो फुगवटा कडेला दिसतोच. चुकलेल्या ओळीपर्यंत उसवा.

नमुना तुकडा न विणणं

गेज तपासायला आधी छोटा तुकडा विणून बघणं घाई असलेल्यांना फुकटचं वाटतं. तुमचा हात घट्ट असेल आणि १६ ऐवजी १८ खांब येत असतील, तर तेच ७६ टाके ४७.५ ऐवजी ४२ सेंमी भरतात. सहा महिन्यांच्या बाळाची नुसती छातीच ४३ असते. स्वेटर अंगात जाणारच नाही.

२६ साखळ्या घाला, सुईपासून चौथ्या साखळीत पहिला खांब, म्हणजे २४ खांब मिळतील. १४ ओळी विणा. स्वेटर जसा धुणार तसाच हा तुकडा धुवा, सपाट वाळवा आणि मधले १० सेंमी मोजा. कडा मोजू नका, त्या नेहमी ताणलेल्या असतात. टाके जास्त आले तर सुई अर्ध्या मिमीने मोठी, कमी आले तर लहान. सुई बदलायची ती इथे. टाके जुळले पण ओळी जुळत नाहीत, तर सुई बदलून उपयोग नाही. खांबासाठी सुई आत घालून जो पहिला लूप ओढता, तो किती वर ओढता यावर ओळीची उंची ठरते. तो किंचित जास्त ओढला की ओळ उंच, आखडता घेतला की बुटकी. ही सवय पकडायला तुकडा लागतो, आणि रॅगलानमध्ये मुंढ्याची खोली सर्वस्वी ओळींवर असते.

गळ्याची घट्ट साखळी

डोक्यातून घालायच्या स्वेटरमध्ये ही चूक झाली की बाकी सगळं वाया. सहा महिन्यांच्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ४२-४३ सेंमी, वर्षाच्या बाळाचा ४५-४६. गळा ताणून तेवढा व्हायला हवा, आणि साखळी ताणत नाही. सुरुवातीची साखळी एक मिमी मोठ्या सुईने घाला. तरीही सगळ्यात चांगलं म्हणजे एका खांद्यावर ६-७ सेंमीची फट ठेवून दोन बटणं लावा. बाळाला डोक्यावरून कपडा ओढलेला आवडत नाही; मला विचाराल तर वर्षाच्या आतल्या बाळाला पुढून उघडाच स्वेटर विणावा.

बाकीच्या चुका थोडक्यात

अमेरिकी नमुन्यातला डबल क्रोशे म्हणजे ब्रिटिश नमुन्यातला ट्रेबल, आणि ब्रिटिश डबल म्हणजे अमेरिकी सिंगल. नमुन्यात कुठेही सिंगल क्रोशे हा शब्द दिसला तर तो अमेरिकी. हे न बघता सुरुवात केली की स्वेटर निम्म्या उंचीचा होतो किंवा दुप्पट.

अंग उलटसुलट ओळींत आणि बाही मात्र गोल-गोल एकाच दिशेने विणली तर वीण वेगळी दिसते आणि बाहीचा जोड तिरका सरकत जातो. बाहीचीही प्रत्येक फेरी जोडून उलटवा.

काखेत दोन्ही कोपऱ्यांना भोकं पडतात. तिथे एकेक टाका जास्त उचला आणि पुढच्या फेरीत शेजारच्या टाक्याबरोबर मिटवा.

मनगट गोंडस दिसावं म्हणून आवळू नका. बाळ मूठ वळून हात आखडून घेतं. बाहेरून दोन बोटं आत घालून ती मूठ ओढून काढावी लागते. १४-१५ सेंमीच्या खाली जाऊ नका.

बटणपट्टीला खांबाच्या प्रत्येक ओळीच्या कडेतून सिंगल क्रोशेचे दोन टाके घेतात. ४ मिमी सुईने तसंच घेतलं तर पट्टी झालरीसारखी फुगते. एकतर ३.५ मिमी सुई घ्या, नाहीतर दर सहाव्या ओळीला दोनऐवजी एकच टाका घ्या. दोन्ही पुढच्या कडांचे टाके मोजून सारखे हवेत.

केसाळ, मोहेरसारखी लोकर बाळाला नको, तंतू तोंडात जातात. साधी, मशीनमध्ये न धुण्याजोगी शुद्ध लोकर एका चुकीच्या धुण्यात नमद्यासारखी आटते. अ‍ॅक्रिलिकवर गरम इस्त्री टेकवली की वीण कायमची मरगळते. दोन वर्षांपर्यंतच्या मापांना डीके लोकर १५० ते २५० ग्रॅम लागते. सगळे गुंडे एकाच डाय लॉटचे, म्हणजे एकाच वेळी रंगवलेले, घ्या, एक गुंडा जास्त.

गळ्याला दोरी, लोंबते गोंडे काहीही लावू नका, ते गळ्याभोवती आवळलं जाऊ शकतं. बटणं लोकरीने नव्हे, शिवणाच्या मजबूत दोऱ्याने लावा आणि आतल्या बाजूला आधाराला कापडाचा तुकडा किंवा चपटं छोटं बटण घ्या. लावून झाल्यावर प्रत्येक बटण चिमटीत धरून जोरात ओढून बघा, आणि दर दोन-चार धुण्यांनी परत बघा. सैल झालेलं बटण सरळ बाळाच्या तोंडात जातं.