कॅन्सरचा सर्व्हे करायला युनिव्हर्सिटीवाले वस्तीत आले की सही करायच्या आधी हे बघा

ठाण्यात किसननगरला आमच्या बचत गटाकडे मागे एका कॉलेजची टीम आलेली, तोंडाच्या कॅन्सरचा सर्व्हे होता. फॉर्ममध्ये प्रश्न काय, तर तंबाखू खाता का, विडी-सिगरेट ओढता का. बायका नाही, नाही म्हणत गेल्या आणि पोरं टिक करत गेली. आमच्या शेजारच्या मावशींनी पण नाहीच सांगितलं, आत गेल्या आणि पाच मिनिटांनी मिश्री, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, लावत दारात येऊन उभ्या राहिल्या. खोटं नव्हत्या बोलल्या हो त्या. मिश्री काय खायची असते का, ती तर दाताला लावायची! पण त्या फॉर्मवर मावशी 'तंबाखू नाही' अशाच गेल्या, आणि अशा किती गेल्या असतील देव जाणे.

म्हणून पहिली गोष्ट, फॉर्म छापायच्या आधी मागून घ्या. आपल्यातल्याच आठ-दहा बायकांना बसवून तो मोठ्याने वाचून दाखवा आणि कुठे अडखळतात ते लिहून काढा. हे लवकर करायचं कारण असं की एकदा एथिक्स कमिटीने (लोकांवरचा अभ्यास नीतीला धरून आहे ना ते बघणारी कमिटी) फॉर्म मंजूर केला की बदलासाठी परत कमिटीकडे जावं लागतं, मग मॅडम-सर लोक 'आता राहू दे' म्हणतात. खरं तर त्यांनी येण्याची वाटच बघू नका. मेडिकल कॉलेजमध्ये पीएसएम (लोकांच्या आरोग्याचं, कम्युनिटी मेडिसिन पण म्हणतात) म्हणून डिपार्टमेंट असतं, त्यांचं कामच वस्तीतलं, तिथे आपणच जाऊन सांगायचं की आमच्याकडे मिश्रीचा प्रॉब्लेम आहे, यावर काही करता का.

आणि आपण काय फक्त चहा द्यायला आणि घरं दाखवायला नाही. मुंबईतच बघा ना, १९९८ ला टाटा हॉस्पिटलवाल्यांनी झोपडपट्ट्यांमध्ये गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा मोठा अभ्यास सुरू केला, जवळजवळ दीड लाख बायका, आणि व्हिनेगर लावून तपासणी कोणी केली तर ट्रेनिंग दिलेल्या साध्या दहावी शिकलेल्या बायकांनी. तपासणी झालेल्या वस्त्यांमध्ये त्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी निघाले. पण दुसऱ्या अर्ध्या वस्त्यांना तेव्हा फक्त माहिती दिलेली, तपासणी नाही, आणि त्यावरून पुढे बरीच टीका झाली. त्यामुळे दोन गट करणार असं कोणी म्हणालं की लगेच विचारायचं, दुसऱ्या गटाला काय मिळणार आणि कधी. औषधाची ट्रायल असेल तर सीटीआरआयचा, म्हणजे ट्रायलच्या सरकारी नोंदणीचा, नंबर मागा, ती नोंदणी नेटवर कोणालाही फुकटात बघता येते.

सहीचं थोडक्यात. संमतीपत्र आपल्याला कळेल अशा मराठीत पाहिजे, एक कॉपी आपल्याकडे राहिली पाहिजे, आणि मधेच नको वाटलं तर कारण न सांगता बाहेर पडता येतं. आयसीएमआर या मेडिकल संशोधनाच्या सरकारी संस्थेच्या २०१७ च्या नियमांत हे सगळं आहे. वाचता येत नसेल तर साक्षीदार लागतो, तो त्यांच्या टीममधला चालत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथेच सगळे फसतात. सापडलं तर पुढे काय? तोंडात पांढरा चट्टा दिसला, किंवा सुपारी-गुटख्याने तोंडच नीट उघडत नाही, तर एक चिठ्ठी देतात, 'मोठ्या हॉस्पिटलला दाखवा'. झालं. चट्टा म्हणजे कॅन्सरच असं नाही, पण बाई चिठ्ठी डब्यात ठेवून देते, कारण ठाण्याहून पनवेल लोकल पकडून खारघरला उतरायचं, तिथून रिक्षाने टाटाच्या ॲक्ट्रेक या कॅन्सर सेंटरला जायचं म्हणजे चार घरच्या धुण्याभांड्यांचा खाडा, आणि पगार कापला तर कोण देणार? म्हणून त्यांच्याशी लेखी करार करा आणि त्यातच लिहून घ्या की सोबत कोण जाणार, गाडीभाडं कोण देणार, बायोप्सीचा (तुकडा काढून तपासायचा) खर्च कोणाकडे, रिपोर्ट किती दिवसांत. फुकट उपचाराच्या महात्मा फुले योजनेसाठी रेशनकार्ड-आधारची झेरॉक्स सर्व्हेच्या आधीच काढून ठेवा, नंतर एका स्पेलिंगपायी आठवडा जातो.

पैशाचं बोलायला लाजू नका. त्यांच्या ग्रँटच्या अर्जात बजेट असतं, त्यातच घरोघर फिरणाऱ्या आपल्या बायकांचं मानधन टाकायला लावा, कारण ग्रँट मंजूर झाल्यावर 'यात हेडच नाही', म्हणजे त्या खर्चाला बजेटमध्ये जागाच नाही, हे उत्तर ठरलेलं. कळव्याला पाणी कधी येतं, किसननगरला कधी येतं, त्या वेळी दार वाजवून कोणी बोलत नाही हे आपल्याला माहीत असतं, त्यांना नसतं. या माहितीला पण किंमत आहे.

नाव आणि फोन नंबर वेगळ्या कागदावर, फॉर्मवर नुसता कोड. रिपोर्टमध्ये चाळीचं नाव नको, उद्या पोरींची स्थळं बघताना लोक काय काय जोडतात तुम्हाला माहितीय. आणि निकाल सांगायची मीटिंग मराठीत, वस्तीतच, कोणत्या महिन्यात ते आत्ताच ठरवा. आमच्या त्या टीमचं काय निघालं ते आम्हाला अजून कळलेलं नाही, फोन लावला तर म्हणे ते सर बदलून गेले.

कराराच्या तीन झेरॉक्स काढा. एक अध्यक्षांकडे दिली तरी चालेल, पण उरलेल्या दोन दुसऱ्या कोणाकडे तरी ठेवा, आमच्या अध्यक्षबाईंनी ती गावच्या घरी नेली आणि गाव चिपळूणच्या पुढे आहे.