मानकुराद, भिरंड, रसाळ फणस: घरच्या फ्रीजरमधलं गारेगार

फळाचा रस गोठवायला ठेवला की तो दोनच तऱ्हांनी बिघडतो. एक तर दगड होतो, नाहीतर रात्रभर ठेवूनही लापशीच राहतो. दोन्ही वेळा गडबड साखरेच्या प्रमाणात असते. नुसतं पाणी शून्य अंशाला गोठतं. त्यात साखर विरघळली की ते आणखी खालच्या तापमानाला गोठू लागतं आणि बर्फाच्या कणांमध्ये थोडा पाक पातळच उरतो. चमचा आत जातो तो या उरलेल्या पाकामुळे. चमच्याने खायच्या सॉर्बेला, म्हणजे फळाच्या रसाच्या बिनदुधाच्या आइस्क्रीमला, एकूण वजनाच्या 25 ते 30 टक्के साखर लागते, फळाची स्वतःची साखर धरून. काडीवरच्या कँडीला 15 ते 20 टक्के पुरे, ती कडकच हवी असते. म्हणून ‘अर्धा किलोला वाटीभर’ असलं सरसकट माप इथे कामाचं नाही. फळ बदललं की साखर बदलते.

मानकुराद

मानकुराद हा गोव्याचा आंबा. हंगामाच्या सुरुवातीचा महागडा मानकुराद कापून खावा, गोठवायला मे महिन्यातला घ्यावा. मऊ पडलेला, सालीवर डाग आलेला आंबा या कामाला उलट बराच. ‘मानकुराद’ हे नावच पोर्तुगीज ‘माल कोराद’वरून, म्हणजे रंग नीट न आलेला, असं आलंय. तेव्हा सालीवर जाऊ नका, देठाजवळ वास घेऊन बघा. मात्र पहिला पाऊस पडून गेल्यावरचे आंबे कापून तपासल्याशिवाय मिक्सरमध्ये टाकू नयेत, फळमाशीची अळी आत असू शकते.

आंबे तासभर पाण्यात ठेवा आणि देठाकडचा चीक धुऊन टाका. चीक गरात उतरला तर घशाला खवखवतो. 500 ग्रॅम गराला 75 ग्रॅम पिठीसाखर, दोन लहान चमचे लिंबाचा रस आणि चिमूटभर मीठ घालून मिक्सरमधून एकदाच फिरवा. पाणी घालू नका. मानकुरादाला रेषा जवळपास नसतात, त्यामुळे गाळायची गरज पडत नाही. मुसराद किंवा रायवळ आंबा असेल तर चाळणीतून काढा.

चव घेताना मिश्रण थोडं जास्तच गोड लागलं पाहिजे. थंडीने जिभेला गोडी कमी जाणवते. साध्या तापमानाला ‘अगदी बरोबर’ लागलेलं मिश्रण गोठल्यावर फिकं लागतं.

भिरंड

भिरंडाच्या, म्हणजे कोकमाच्या, पाण्यात फळाची साखर जवळजवळ नसतेच. त्यामुळे 500 मिली पाण्याला तब्बल 180 ग्रॅम साखर लागते, आंब्याच्या दुपटीहून जास्त. आकडा बघून हात आखडतो आणि तिथेच सॉर्बेचा बर्फ होतो. पिकलेली 12 ते 15 भिरंडं फोडून बिया काढा. उकळून गार केलेल्या पाण्यात साली दोन तास भिजवा, कुस्करा, गाळा. पाणी उकळलेलंच हवं, कारण गोठवल्याने जंतू मरत नाहीत. भांडं स्टीलचं किंवा काचेचं घ्या, आंबट रस अॅल्युमिनियमला लागतो. सुकी सोलं (भिरंडाच्या वाळवलेल्या साली) वापरायची तर तेवढ्याच पाण्याला 25 ग्रॅम पुरतात, पण त्यांना मीठ असतं, आधी दोन पाण्यांनी धुवा. आगळ, म्हणजे भिरंडाचा खारवलेला दाट रस, मात्र नको. त्यातलं मीठ काढता येत नाही आणि सॉर्बेची सोलकढी होते.

साखर बरोबर पडली का हे तपासायला एक जुनी युक्ती आहे. ताजं अंडं धुऊन रसात सोडायचं. साध्या पाण्यात ते बुडतं. साखर पुरेशी झाली की तरंगतं आणि एक रुपयाच्या नाण्याएवढा कवचाचा भाग वर दिसतो. त्याहून लहान दिसला तर साखर घाला, मोठा दिसला तर पाणी. शिळं अंडं साध्या पाण्यातही तरंगतं, म्हणून ताजंच घ्या. ही तपासणी पातळ रसाची, आंब्याच्या दाट गरात ती फसते.

मोठ्या माणसांसाठी करत असाल तर अर्ध्या लिटरला एक मोठा चमचा काजूफेणी चालते. मद्यही साखरेसारखंच गोठणं लांबवतं, त्यामुळे सॉर्बे मऊ राहतं. तीन-चार चमचे ओतले की ते घट्ट होण्याची वाट बघत बसावं लागेल.

रसाळ फणस

कापा फणस खायला छान, गोठवायला रसाळच. हाताला खोबरेल लावून गरे काढा, आठळ्या बाजूला करा आणि गर चाळणीवर चमच्याने घासून उतरवा. रेषा वर राहतात. मिक्सरमध्ये घातलात तर त्या बारीक होऊन गरात मिसळतात आणि शेवटी दातात येतात. 300 ग्रॅम गराला 200 मिली नारळाचा दाट रस आणि 60 ग्रॅम माडाचा गूळ. गूळ थोड्याशा नारळाच्या रसात कोमट करून विरघळवा, उकळी येऊ देऊ नका, रस फुटतो. इथे साखरेचं प्रमाण कमी असूनही सॉर्बे मऊ होतं, कारण नारळाचं स्निग्ध बर्फाचे कण मोठे होऊ देत नाही. वेलचीची गरज नाही, फणसाला स्वतःचा वास पुरेसा आहे.

बाकीची फळं थोडक्यात. कलिंगड म्हणजे 90 टक्क्यांहून जास्त पाणी. त्याचं सॉर्बे करायच्या फंदात न पडता 500 मिली रसात 60 ग्रॅम साखर आणि एक लिंबू पिळून ताटात गोठवा आणि काट्याने खरवडून भुसभुशीत खा. अननस दुधात किंवा आटवलेल्या दुधात कच्चा घातला तर दूध फाटून कडू होतं, त्यातलं ब्रोमेलेन दुधातली प्रथिनं तोडतं. आधी पाच मिनिटं शिजवला की हा त्रास संपतो. काजूचे बोंडू वापरायचे तर त्यांचा तुरटपणा काढावा लागतो. लिटरभर पाण्यात 20 ग्रॅम मीठ घालून चार-पाच मिनिटं उकळा, धुवा, मग रस काढा, आणि तो त्याच दिवशी गोठवा, कारण नुसता ठेवला की आंबायला लागतो.

गोठवण्याची रीत

मिश्रण आधी फ्रीजमध्ये दोन-तीन तास थंड करा, मग पसरट स्टीलच्या डब्यात दोन सेंटीमीटर जाडीचं ओता. जेवढं लवकर गोठेल तेवढे बर्फाचे कण बारीक. खोल डब्यात कडा गोठतात, मधला भाग तासन्‌तास पातळ राहतो आणि त्यात मोठे, करकरीत खडे धरतात. 45 मिनिटांनी बघा. कडेला पांढुरकी घट्ट किनार धरलेली दिसते. ती काट्याने मोडून आत ढकला. दर अर्ध्या तासाने असं तीन वेळा करा, किंवा पूर्ण गोठू द्या, तुकडे करा आणि गार केलेल्या मिक्सरच्या भांड्यात थांबत थांबत फिरवा. सलग फिरवलं तर भांडं तापतं आणि मेहनत वितळते. फिरवलेलं मिश्रण आणखी दोन तास फ्रीजरमध्ये.

एकदरवाजी फ्रीजच्या वरच्या कप्प्यात पुरेशी थंडी नसते. तिथे वर दिलेल्या साखरेतून 15-20 ग्रॅम कमी करा आणि बटण आदल्या रात्रीच सगळ्यात गारवर फिरवून ठेवा. वीज जाऊन मिश्रण अर्धवट वितळलं असेल तर तसंच परत गोठू देऊ नका, खडे होतात. पुन्हा एकदा फिरवून मग ठेवा. पूर्ण पातळ होऊन बराच वेळ तसंच राहिलं असेल तर टाकून द्या.

कँडीचा साचा नसेल तर स्टीलचे पेले चालतात. वर अर्धा सेंटीमीटर जागा सोडा, पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं. तोंडावर फॉइल ताणून त्यातून काडी खोचली की ती सरळ उभी राहते. काढताना पेला 10-15 सेकंद नळाच्या पाण्यात धरा. गरम पाण्यात धरलात तर काडी हातात आणि कँडी पेल्यात.

गोव्यातल्या फ्रीजरची अडचण वेगळीच. 1 जूनपासूनच्या मासेमारीबंदीच्या तोंडावर त्यात बांगडे आणि सुंगटां (कोळंबी) ठासून भरलेली असतात आणि सॉर्बे वास पटकन ओढून घेतं. पृष्ठभागाला चिकटेल असा प्लास्टिकचा कागद लावा, वर घट्ट झाकण, आणि डबा मासळीपासून दूर. तरी आठवड्याभरात संपवा, चव तेवढीच टिकते.

चवथीला (गणेश चतुर्थीला) मानकुरादाचं काही करायचं असेल तर पुरुमेताच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या साठवणीच्या, दिवसांतच गर साठवा. 500 ग्रॅम गराला 50 ग्रॅम साखर मिसळून पिशव्या सपाट दाबून, हवा काढून गोठवा. सपाट पिशव्या लवकर गोठतात आणि एकावर एक रचता येतात. पिशवीवर तारीख आणि साखरेचं वजन लिहा, कारण नंतर सॉर्बे करताना 75 ग्रॅम नव्हे, फक्त 25 ग्रॅम घालायची आहे.