बॅकअप रोज होत होता, फाइल मात्र 20 बाइटची होती

सर्व्हरची जबाबदारी नुकतीच अंगावर आलेल्यांसाठी हे लिहितोय. क्रॉन (ठरलेल्या वेळी काम चालवणारा), डंप (डेटाबेसची फाइलमध्ये काढलेली प्रत), आरसिंक (फाइली दुसरीकडे कॉपी करणारं) हे शब्द तुमच्या ओळखीचे आहेत असं धरतो. मला मुख्यतः एकाच गोष्टीबद्दल सांगायचंय, आणि ती आठवली की अजूनही पोटात गोळा येतो.

नोकरीचं दुसरं वर्ष. संध्याकाळी सातच्या सुमाराला डेव्हलपर टीममधल्या एकाचा फोन आला. ऑर्डरच्या टेबलवर त्याने डिलीट चालवली होती आणि कोणत्या ओळी पुसायच्या ते सांगणारी वेअरची अट राहून गेली होती. टेबल रिकामं. त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. मी म्हणालो, "घाबरू नकोस, पहाटेचा बॅकअप आहे. तासाभरात परत आणतो." मला तशी खात्रीच होती. रोज पहाटे दोनला स्क्रिप्ट चालायची, लॉगमध्ये "बॅकअप पूर्ण" अशी ओळ पडायची, आणि ती ओळ मी रोज सकाळी न चुकता बघायचो.

फोल्डर उघडला. पंधरा फाइली, ओळीने पंधरा तारखा. आकाराच्या रकान्यात प्रत्येकीपुढे 20. मला आधी वाटलं 20 जीबी. मग वाटलं एमबी असेल. ते 20 बाइट होते.

आता हे झालं कसं ते जरा सविस्तर सांगतो, कारण हाच सापळा मी नंतर इतरांच्या सर्व्हरवरही पाहिलाय. स्क्रिप्टमध्ये मायएसक्यूएलडंपचं (मायएसक्यूएल डेटाबेसचा डंप काढणारी कमांड) आउटपुट पाइपने, म्हणजे एका कमांडकडून थेट पुढच्या कमांडला, जीझिपकडे दाबून लहान करायला जात होतं. अठरा दिवसांपूर्वी डेटाबेसचे पासवर्ड बदलले गेले आणि बॅकअपच्या युजरचा नवा पासवर्ड स्क्रिप्टमध्ये टाकायचा राहिला. डंपला लॉगिनच मिळेना, त्याने काहीच बाहेर टाकलं नाही. जीझिपला रिकामा प्रवाह मिळाला, त्याने तो इमानेइतबारे झिप केला: 10 बाइटचा हेडर, 2 बाइटचा रिकामा ब्लॉक, शेवटी 8 बाइट चेकसम आणि लांबीचे. झाले 20. आणि शेल पाइपलाइनचा निकाल म्हणून फक्त शेवटच्या कमांडचा निकाल धरतो. जीझिप यशस्वी, म्हणून सगळं यशस्वी. "बॅकअप पूर्ण."

मग एरर कुठे गेली? कमांडमध्येच पासवर्ड लिहिला की मायएसक्यूएलडंप दरवेळी सुरक्षिततेचा इशारा छापतो. त्या इशाऱ्याने क्रॉनचे मेल भरायचे, म्हणून आधीच्या कुणीतरी एरर आउटपुट थेट डेव्ह-नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या कचराकुंडीत, सोडलं होतं. इशारा गेला, त्याबरोबर "अ‍ॅक्सेस डिनाइड"ही गेलं.

आणि सर्वात वाईट भाग पुढचा. स्क्रिप्टच्या शेवटी चौदा दिवसांपेक्षा जुन्या फाइली काढून टाकणारी ओळ होती. तिने आपलं काम चोख केलं. शेवटची चांगली फाइल या घटनेच्या तीन दिवस आधी पुसली गेली होती. तीन दिवस. हा आकडा मला बराच काळ झोपू देत नव्हता.

टेस्ट सर्व्हरवर एका सहकाऱ्याने स्वतःच्या कामासाठी घेतलेली 23 दिवस जुनी प्रत सापडली. बिनलॉग, म्हणजे डेटाबेसमधल्या प्रत्येक बदलाची नोंद, एवढ्या मागच्या दिवसांचे उरलेच नव्हते. मधल्या दिवसांच्या ऑर्डरी आम्ही ग्राहकांना गेलेल्या मेलवरून आणि पेमेंटच्या नोंदींवरून हाताने भरल्या. नऊ दिवस लागले, आणि काही ऑर्डरी शेवटपर्यंत जुळल्या नाहीत.

तुमच्या स्क्रिप्टमध्ये पाइप असेल तर आज, आत्ता, ती उघडा. बॅशमध्ये (लिनक्सवरचा नेहमीचा शेल) पाइपफेल हा पर्याय चालू करा म्हणजे मधली कमांड पडली तरी पूर्ण पाइपलाइन पडल्याचं कळेल. क्रॉन मुळात साधा एसएच वापरतो, तेव्हा पहिल्या ओळीत बॅश स्पष्ट लिहा. पासवर्ड कमांडमधून काढून 600 परवानगीच्या (फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल अशा) वेगळ्या ऑप्शन फाइलमध्ये ठेवा. इशारा आपोआप जाईल आणि एरर दाबून टाकायचं कारणच उरणार नाही. डंपची शेवटची ओळ तपासा. मायएसक्यूएल तिथे "डंप कम्प्लीटेड" लिहितो, ती ओळ नसेल तर फाइल अर्धवट आहे. आकार कालच्यापेक्षा अचानक खूप घटला तर स्क्रिप्टने थांबावं. आणि जुन्या फाइली पुसणं हे नवी फाइल तपासून झाल्यावरच, आधी कधीच नाही. मी तर आता वय बघून पुसतच नाही; तपासून खऱ्या निघालेल्या शेवटच्या चौदा प्रती ठेवतो.

अलार्मही उलटा लावा. बिघाड झाला की मेल, असं आपण करतो. पण मेलच पोचला नाही तर? यश कळवणारा निरोप ठरलेल्या वेळेत आला नाही की दुसऱ्या मशीनने ओरडावं.

हे फक्त नवख्यांचं होतं असं समजून स्वतःला कमी लेखू नका. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅब या कोड साठवायची सेवा देणाऱ्या कंपनीत एका इंजिनिअरने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य डेटाबेसची डिरेक्टरी पुसली. थांबवेपर्यंत 300 जीबीतले 4.5 जीबी उरले होते. मग कळलं की पीजीडंपची (त्यांच्या पोस्टग्रेस डेटाबेसचा डंप काढणारी कमांड) आवृत्ती 9.2 आणि डेटाबेस 9.6, म्हणून डंप कधीपासून पडतच होता. आणि ते सांगणारे मेल डीमार्कच्या (खोट्या नावाचे मेल अडवणाऱ्या) नियमामुळे नाकारले जात होते. कुणीतरी हाताने घेतलेला सहा तास जुना स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणीची प्रत) होता म्हणून निभावलं. त्यांनी हे सगळं स्वतःहून जाहीर केलं, याबद्दल मला त्यांचा आदर आहे. त्यांचा अहवाल वाचताना मला पहिल्यांदा वाटलं की मी या कामाला नालायक नाही.

आमच्याकडे रेप्लिकाही (मुख्य डेटाबेसमधला प्रत्येक बदल लगेच उतरवून घेणारा दुसरा सर्व्हर) होता, आणि वरिष्ठ त्यालाच बॅकअप म्हणायचे. डिलीट तिथे एका सेकंदात पोचली होती. रेड (अनेक डिस्कवर तोच डेटा ठेवण्याची सोय) एखादी डिस्क मेल्यावर वाचवतो, चुकीच्या कमांडपासून नाही. त्याच डिस्कवरचा स्नॅपशॉट डिस्कबरोबर जातो. तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमं, एक प्रत दुसऱ्या जागी, हा नियम तुम्ही ऐकलाच असेल. त्यात मी एवढंच जोडेन की एक प्रत अशी हवी जी सर्व्हरच्या रूट (सर्वाधिकार असलेल्या) युजरलाही पुसता येऊ नये. डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारं रॅन्समवेअर आधी बॅकअपच शोधतं. आणि रेस्टिक किंवा बोर्ग ही कुलूपबंद बॅकअप घेणारी साधनं वापरत असाल तर पासफ्रेज त्याच सर्व्हरवर ठेवून निर्धास्त राहू नका. सर्व्हर गेला की ती प्रत म्हणजे कुलूप लावलेली पेटी, किल्ली आत.

मार्गदर्शकांबद्दल माझं मत थोडं कडक आहे. तयार स्क्रिप्ट हातात देणारे खूप भेटतील. ते प्रेमाने देतात, पण त्यांच्या चुकाही त्यासोबत येतात. माझीही तशीच आली होती. एआयकडून लिहून घेतलेल्या स्क्रिप्टचंही तेच: ओळ न् ओळ समजावून सांगता येत नसेल तर ती चालवू नका. मला खरं शिकवलं ते नंतर आलेल्या एका मॅडमनी. त्यांनी माझी नवी स्क्रिप्ट पाहिलीच नाही. रिकामं मशीन दिलं आणि म्हणाल्या, "यावर सर्व्हर उभा करून दाखव, मी बसते इथे." मला साडेचार तास लागले. डंप वीस मिनिटांत निघायचा, पण आत घालताना इंडेक्स (शोध जलद करणाऱ्या याद्या) पुन्हा बांधले जातात, डेटाबेसचे युजर आणि परवानग्या डंपमध्ये नव्हत्याच, कॉन्फिग फाइली कुणी घेतल्याच नव्हत्या. त्या एकदाही रागावल्या नाहीत. दर अडथळ्याला फक्त म्हणायच्या, "लिहून ठेव."

तीच वही पुढे आमची रिकव्हरीची कार्यपद्धती झाली. तुमचा पहिला प्रयत्न असाच रखडेल, रखडू द्या. शांत दुपारी रखडलेलं चांगलं.

आता रोज पहाटे चारला ताजा डंप एका वेगळ्या मशीनवर आपोआप रिस्टोअर होतो, ऑर्डरच्या टेबलमधल्या ओळी मोजल्या जातात आणि सर्वात नवी ऑर्डर किती वाजताची आहे ते मला मेलने येतं. महिन्यातून एकदा मी पूर्ण सर्व्हर हाताने उभा करतो, घड्याळ लावून. मागच्या वेळी 52 मिनिटं लागली, त्याआधी 41. अकरा मिनिटं एका नव्या इंडेक्सने खाल्ली होती. वहीतला आकडा बदलला आणि वरिष्ठांना कळवलं की यापुढे तासाभरात असं सांगू नका, दीड तास सांगा.