एजंटाशिवाय पक्कं लायसन्स: पुण्यात, अठरा पूर्ण झाल्यावर

दहावीचा निकाल लागला की पुण्यातल्या बऱ्याच घरांत स्कूटरची बोलणी सुरू होतात. कॉलेज लांब, क्लास त्याहून लांब, बस वेळेवर मिळेल याची खात्री नाही, आणि आईबाबांना रोज सोडायला जमत नाही. अडचण खरी आहे. तरीही उत्तर एकच आहे: अठरा पूर्ण होईपर्यंत थांबायचं, आणि मग लायसन्स स्वतः काढायचं.

सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं, हे ऐकून अनेक पालक गाडी घेऊन मोकळे होतात. मोटार वाहन कायद्यात सोळा पूर्ण झालेल्यांना पालकांच्या संमतीने मिळणारी परवानगी फक्त ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीसाठी आहे. आज शोरूममध्ये उभ्या असलेल्या पेट्रोल स्कूटर शंभर-सव्वाशे सीसीच्या असतात. म्हणजे सोळाव्या वर्षीचं लायसन्स खिशात असलं तरी त्या गाडीवर ते चालत नाही, आणि मुलगी किंवा मुलगा विनापरवानाच ठरतो.

२०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात कलम १९९अ आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाची २५ वर्षं पूर्ण होईपर्यंत शिकाऊ लायसन्सही मिळत नाही. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला झालेल्या अपघातात दोन तरुण अभियंते गेले. मोटार सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता, असा पोलिसांचा आरोप आहे. त्यानंतर शहरभर चर्चा झाली, पण किल्ली मुलांच्या हाती देणं थांबलेलं दिसत नाही, आणि याचं मनापासून वाईट वाटतं. दोन वर्षांचा प्रश्न आहे. तोवर सायकल आहे, पीएमपी बसचा पास आहे, काही भागांत मेट्रो आहे.

शिकाऊ लायसन्स

अठरावा वाढदिवस झाला की परिवहन खात्याच्या ‘सारथी’ पोर्टलवर अर्ज भरायचा. पत्ता नीट पाहा, शेवटी ‘गव्ह डॉट इन’ असायलाच हवं. हुबेहूब दिसणाऱ्या खासगी साइट भरमसाट पैसे घेतात. महाराष्ट्र निवडा, ‘लर्नर लायसन्स’वर जा. आधारला मोबाइल जोडलेला असेल तर ओटीपीवर नाव, जन्मतारीख आणि पत्ता आपोआप येतो, आणि आरटीओत न जाता घरूनच परीक्षा देता येते. आधार वापरायचं नसेल तर वय आणि पत्त्याची कागदपत्रं घेऊन कार्यालयात परीक्षा द्यावी लागते. शिकायला बाहेरगावहून आलेल्यांसाठी सोय अशी, की २०१९ च्या दुरुस्तीनंतर राज्यातल्या कोणत्याही परवाना प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो.

अर्जात वाहनाचा प्रकार निवडताना घाई करू नका. ‘विना गिअर दुचाकी’ निवडलीत तर उद्या मोटरसायकल चालवता येणार नाही. ‘गिअरसह दुचाकी’वर मात्र दोन्ही चालतात. चारचाकी शिकायची असेल तर तीही याच अर्जात जोडा. केंद्रीय नियमांप्रमाणे शिकाऊ लायसन्सला प्रत्येक प्रकारासाठी १५० रुपये आणि परीक्षेचे ५० रुपये पडतात. आरोग्याचं स्वयंघोषणापत्र भरायचं असतं. चाळिशी ओलांडलेल्यांना डॉक्टरांचा दाखला लागतो.

परीक्षा सोपी आहे: चिन्हं आणि नियमांवरचे प्रश्न, ६० टक्के उत्तरं बरोबर आली की पास. आणि सोपी आहे म्हणूनच इथे मोह होतो. घरी बसून परीक्षा, शेजारी दादा किंवा बाबा, आणि उत्तर सुचवायला कुणाला काय लागतं? तसं करू नका. पिवळी अखंड रेषा कुठे ओलांडायची नाही, चौकात आधी कोणाला जाऊ द्यायचं, हे त्याच प्रश्नांत आहे, आणि रस्त्यावर शेजारी उत्तर सांगणारं कोणी नसतं. नापास झालात तर पुन्हा अर्ज करता येतो.

शिकण्याचे दिवस

शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं आणि पक्क्या परीक्षेला किमान ३० दिवसांनंतर जाता येतं. बरेच जण हा महिना फक्त उलटून जाण्याची वाट पाहतात. माझ्या मते सगळ्या प्रक्रियेत मोलाचा काळ हाच. गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल अक्षरात ‘एल’ लावा. चारचाकीत शेजारी पक्कं लायसन्स असलेली व्यक्ती हवीच. दुचाकीवर शिकवणाऱ्याशिवाय मागे कोणालाही बसवता येत नाही, मैत्रिणीला कॉलेजपर्यंत सोडणंही नाही.

सुरुवात पहाटे, रिकाम्या रस्त्यावर करा. हात बसला की चढ घ्या. सहकारनगर किंवा बिबवेवाडीच्या वरच्या गल्ल्यांत हाफ क्लचवर गाडी मागे न घसरता उभी करून पुन्हा उचलायला शिका, कारण चारचाकीच्या परीक्षेत चढ असतोच. त्यानंतर जंगली महाराज रस्ता आणि फर्ग्युसन रस्ता. दोन्ही एकेरी असल्याने लेन बदलणं, आरसे पाहणं, वेळेत इंडिकेटर देणं तिथे अंगवळणी पडतं. लक्ष्मी रस्त्यावर गर्दीच्या वेळी जाण्याची घाई नको. ड्रायव्हिंग स्कूल लावलंत तर एक गोष्ट आधीच विचारा: रिव्हर्स आणि पार्किंग वेगळं शिकवणार का? कित्येक ठिकाणी सरळ रस्त्यावर फेऱ्या मारूनच दिवस संपवतात.

पक्की परीक्षा

पुन्हा सारथीवर अर्ज, शुल्क आणि स्लॉट, म्हणजे परीक्षेची ठरलेली वेळ. लायसन्सचे २०० रुपये, परीक्षेचे प्रत्येक प्रकारासाठी ३०० रुपये, शिवाय सेवाशुल्क. स्लॉट लवकर भरतात, म्हणून शिकाऊ लायसन्सची मुदत संपायची वाट पाहू नका. परीक्षेचं ठिकाण पावतीवर नीट वाचा. पुण्याचं मुख्य कार्यालय संगम पुलाजवळ असलं तरी परीक्षा तिथेच असेल असं नाही. चारचाकीची परीक्षा भोसरीच्या संगणकीकृत ट्रॅकवर होते. शिकाऊ लायसन्स, मूळ कागदपत्रं, गाडीचं आरसी (नोंदणीपत्र), विमा आणि पीयूसी (प्रदूषण तपासणीचा दाखला) बरोबर घ्या. दुचाकीवाल्यांनी हेल्मेट घालूनच जायचं. गाडी ड्रायव्हिंग स्कूलची असेल तर तिचे कागद आदल्या दिवशी तपासा.

दुचाकीला आठचा आकडा काढताना पाय टेकायचा नाही. चारचाकीला आठ, रिव्हर्स, चढ आणि पार्किंग. घाबरून वेग वाढवणारेच बहुतेक चुकतात, सावकाश चालवा.

गेटबाहेर कोणीतरी गाठून म्हणेल, “ट्रॅकवर जायची गरज नाही, आम्ही बघतो.” नाही म्हणा आणि पुढे व्हा. ट्रॅकवर न जाता मिळवलेलं लायसन्स गाडी चालवता येते असं खोटं सांगतं, आणि त्या खोट्याचा भार रस्ता ओलांडणाऱ्या अनोळखी माणसावर पडतो. नापास झालात तर सात दिवसांनी पुन्हा परीक्षा देता येते. तीनदा नापास झालात तर शेवटच्या परीक्षेपासून ६० दिवस थांबावं लागतं, तेवढा वेळ सरावाला मिळतो.

पास झाल्यावर कार्ड पोस्टाने घरी येतं, म्हणून अर्जातला पत्ता आणि पिनकोड बरोबर हवा. डिजिलॉकर किंवा एम-परिवहन ॲपमधलं लायसन्सही वाहतूक पोलिसांना दाखवता येतं. तिशीच्या आत काढलेलं खासगी वाहनाचं लायसन्स वयाच्या चाळिसाव्या वर्षापर्यंत चालतं. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या एक वर्ष आधीपासून करता येतो. मुदत संपून वर्ष उलटलं तर पुन्हा ट्रॅकवर परीक्षा द्यावी लागते.