रोपांआधी पाण्याची वाट: ठाणे खाडीकाठच्या तरुण गटांसाठी

कोपरी-चेंदणीपासून ऐरोली, घणसोली, वाशी आणि दिवाळे गावापर्यंत सुट्टीच्या सकाळी खारफुटीत उतरणारे महाविद्यालयीन गट आता नवे राहिलेले नाहीत. यांतील बहुतेकांची पहिली इच्छा रोपे लावण्याची असते. ती इच्छा चांगली आहे. तरीही पहिल्या वर्षी एकही रोप लावू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. जिथे दिवसातून दोनदा भरतीचे पाणी आत येते आणि ओहोटीबरोबर बाहेर पडते, तिथे तिवराच्या (खारफुटीची एक जात) बिया वाहत येऊन आपोआप रुजतात. जिथे ही वाट भरावाने, राडारोड्याने किंवा रस्त्याखालच्या तुंबलेल्या मोरीने अडली आहे, तिथे लावलेले रोप साचलेल्या पाण्यात कुजते किंवा कोरड्या खारट जमिनीत वाळून जाते. आमच्या गटाने पहिल्या पावसाळ्यात उघड्या चिखलावर रोपे लावली होती. दिवाळीपर्यंत त्यांतले एकही उरले नव्हते, आणि तिथून थोड्याच अंतरावर कोणीही न लावलेली तिवराची रोपे वीतभर वाढली होती.

काम सुरू करण्यापूर्वी जागा कोणाच्या ताब्यात आहे, हे समजून घ्यावे. खाडीचा सुमारे १,६९० हेक्टर भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीच्या ६,५२१ हेक्टर क्षेत्राला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. अभयारण्याबाहेरचीही बरीच खारफुटी राखीव वन आहे. म्हणून वन विभागाच्या कांदळवन (म्हणजे खारफुटी) कक्षाकडे तारीख, जागा आणि माणसांची संख्या लिहून अर्ज करावा आणि परवानगी हातात आल्याशिवाय आत पाऊल टाकू नये. त्याचबरोबर जवळच्या कोळीवाड्यात जाऊन एखाद्या जाणत्या काकांना पहिल्याच दिवशी सोबत यायची विनंती करावी. पाणी पूर्वी कुठून आत येत होते आणि कधीपासून यायचे थांबले, हे त्यांना जितके नेमके ठाऊक असते तितके कोणत्याही नकाशावर सापडत नाही.

वेळ ठरवण्याची जुनी रीतही त्यांच्याकडूनच शिकावी. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की त्या दिवशीच्या पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते: चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. पूर्ण ओहोटी त्याच्या साधारण सहा तास अलीकडे-पलीकडे येते. त्यामुळे सकाळच्या कामासाठी पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरची द्वितीया, तृतीया आणि चतुर्थी उत्तम, कारण तेव्हा साडेसात ते नऊच्या दरम्यान पाणी पूर्ण उतरलेले असते. दशमी ते द्वादशीला त्याच वेळी खाडी भरलेली असते. ठाण्याकडच्या वरच्या टोकाला पाणी थोडे उशिरा पोहोचते, म्हणून छापील भरती-ओहोटीचे तक्ते पाहून खात्री करून घ्यावी आणि पाणी चढू लागण्याआधी सर्वांनी बाहेर यावे.

पहिली फेरी मात्र उधाणाच्या, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासच्या मोठ्या भरतीला, काठावरूनच करावी. पाणी कोणत्या तोंडातून आत शिरते, कुठे थबकते आणि कोणत्या भागात पोहोचतच नाही, हे वहीत रेखाटून घ्यावे. अडथळा प्लॅस्टिक, थर्माकोल किंवा फाटक्या जाळ्यांचा असेल, तर तो हाताने काढता येतो. भराव किंवा खचलेली मोरी असेल, तर स्वतः फावडे चालवू नये, कारण किनारा नियमन क्षेत्रात विनापरवाना खोदकाम करता येत नाही. अशा वेळी तारखेसह छायाचित्रे आणि जागेचे अक्षांश-रेखांश जोडून लेखी तक्रार द्यावी. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात खारफुटीची तोड आणि तिच्यावर भराव टाकणे यांना मनाई केली असून, तिच्याभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यालाही संरक्षण दिले आहे. कोकण विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली खारफुटीच्या संरक्षणासाठी समिती आहे, आणि त्यांचे कार्यालय बेलापूरच्या कोकण भवनात आहे. तिथे तक्रार देऊन तिची पोच घेतल्याशिवाय परत येऊ नये.

सफाईच्या दिवशी पंधरा-वीस जणांहून मोठा गट आत नेऊ नये. चिखलातून वर आलेली बोटांसारखी टोके ही तिवराची श्वसनमुळे असतात. प्राणवायू नसलेल्या गाळात झाड त्यांच्यातूनच श्वास घेते. ती तुडवली किंवा पिशव्यांखाली दबली, तर झाडाचा श्वास कोंडतो. म्हणून सर्वांनी एकाच वाटेने एकामागून एक जावे, आणि मुळांत गुंतलेले जाळे ओढून न काढता कात्रीने तुकडे करून सोडवावे. गमबूट आणि जाड हातमोजे घालावेत, कारण काचा, सुया आणि धारदार शिंपल्या हमखास असतात. धनुर्वाताची लस प्रत्येकाने आधीच घ्यावी, आणि अंगावर जखम असलेल्याने पावसाळ्यात लेप्टोच्या (दूषित पाण्यातून जखमेवाटे होणाऱ्या तापाच्या) भीतीने काठावरच थांबून गोणी मोजाव्यात. ठाण्यात प्रभाग समितीला, नवी मुंबईत विभाग कार्यालयाला आदल्या दिवशी कळवून गाडी ठरवावी. नाहीतर काठावर रचलेल्या गोणी पुढच्या उधाणात पुन्हा खाडीतच जातात, आणि हे मी स्वतः पाहिले आहे.

मोजणीचे काम कंटाळवाणे वाटते, पण माझ्या मते गटाची खरी कमाई तीच असते. दोरीने पाच मीटर बाजूचा चौकोन आखावा, त्यातील लहान रोपे जातीनुसार मोजावीत, आणि दर तीन महिन्यांनी त्याच तिथीला, त्याच ठिकाणी उभे राहून छायाचित्र घ्यावे. वाट मोकळी झाल्यावर पुढच्या पावसाळ्यानंतर चौकोनात नवी रोपे दिसू लागली, तर लावणीची गरजच नाही.

पाणी नियमित येऊनही दोन पावसाळे जागा रिकामी राहिली, आसपास बी देणारी झाडे नसली, तरच कांदळवन कक्षाच्या सल्ल्याने तिथलीच जात लावावी. तिवराच्या बिया पावसाळ्यात गळतात. झाडावरून न तोडता पाण्याबरोबर आलेल्या गोळा कराव्यात. ओहोटीला उघडा पडणारा विस्तीर्ण चिखल रिकामा समजून तिथे लावणी करू नये, कारण रोहित पक्षी (फ्लेमिंगो) आणि इतर पाणपक्षी त्याच चिखलात अन्न शोधतात.

राष्ट्रीय सेवा योजनेत विद्यार्थ्याला दोन वर्षांत २४० तास काम करायचे असते. खारफुटीचा एखादा तुकडा सावरायला त्याहून अधिक काळ लागतो, म्हणून मोजणीची वही, परवानग्यांच्या प्रती आणि तक्रारींच्या पोचा यांची एक फाइल महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवावी. नव्या तुकडीची पहिली खाडीफेरी जुन्या तुकडीतील दोघांनी आणि कोळीवाड्यातील काकांनी मिळून करून द्यावी.